रेडा बंद पडला नव्हता

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. फोन त्याच्या बायकोचा, स्मिताचा. "मृणाल, हेमंत गेला गं," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि परत येऊन स्क्रीनवरच्या तक्त्याकडे बघत बसले. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याला आता काही आठवडे झाले, दिवसकार्य झालं, रडूनही झालं. आता शांत हो, असं घरचे म्हणतात. मी होत नाहीये. मला त्या माणसाशी भांडायचं आहे आणि तो भांडायला उरलेला नाही.

आमची ओळख इंजिनिअरिंग कॉलेजातली, सगळ्या पुण्याला आयटीचं वेड लागलं होतं तेव्हाची. हेमंत यवतमाळकडचा, खडकीला मामाच्या क्वार्टरमध्ये राहायचा. रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी आम्ही चौघांनी एक रोबो केला होता. जुन्या बाजारातून आणलेल्या, गाड्यांच्या वायपरच्या मोटरी, लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि सर्किट माझं. वायर न् वायर मी सोल्डर केली होती. रोबो ठोकळे उचलण्यापेक्षा ढकलण्यातच हुशार निघाला, म्हणून त्याचं नाव रेडा. लाकडी रिंगणात समोरच्याहून जास्त ठोकळे टोपलीत टाकायचे, ढकलाढकली चालेल, मुद्दाम उलथवायचं नाही, असा नियम होता. रिमोट हेमंतच्या हातात. तो नियमाच्या अगदी कडेकडेनं खेळायचा. समोरच्याला कोपऱ्यात घालून असा दणका द्यायचा की बघणाऱ्यांचे दात आंबावेत. आणि हाच माणूस मॅचच्या आधी समोरच्या टीमच्या टेबलापाशी जाऊन विचारायचा, "काही लागते का? सेल, स्क्रू?" पुण्याच्या पोरांना वाटायचं, हा टोमणा मारतोय. एकानं तर सुनावलं होतं, "लागलं तर दुकानं उघडी आहेत, आपण त्रास घेऊ नका." हेमंत हसत परत आला. म्हणाला, "काऊन चिडून राहिला बे हा?"

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. समोर दुसऱ्या कॉलेजची टीम, त्यांचा रिमोट अमोदकडे. आम्ही बरोबरीत होतो आणि थोडासाच वेळ उरला होता. हेमंतनं नेहमीचा दणका दिला, अमोदच्या रोबोची बॅटरीची वायर निघाली आणि तो जागच्या जागी थांबला. आता फक्त एक ठोकळा टाकायचा होता... आणि रेडाही थांबला. मी कठड्यावर हात आपटत ओरडत होते. अमोदनं रिंगणात वाकून वायर लावली, ठोकळा टाकला आणि वेळ संपल्याचा हूटर वाजला. हेमंत आमच्याकडे वळून म्हणाला, "काय माहीत, बंदच पडला." मी तिथून निघून गेले, बक्षीस समारंभालाही थांबले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रेडा व्यवस्थित चालला. आमचे प्रोजेक्टचे सर म्हणाले, "लूज कनेक्शन असंच असतं, हलवलं की चालतं." मग 'लूज कनेक्शन' हेच माझं नाव पडलं. कॅंटीनमध्ये, सबमिशनला, निरोप समारंभात सुद्धा. सर एका कंपनीच्या हार्डवेअर विभागात माझं नाव सुचवणार होते, त्यांनी दुसऱ्याचं सुचवलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये शिरले आणि सोल्डरिंगला पुन्हा हात लावला नाही. हेमंत माझा मित्र राहिला, चांगला मित्र. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला सगळ्यांत आधी तोच धावला होता. हे मला विसरता येत नाही, म्हणून तर त्रास जास्त होतो.

कारण शोकसभेला अमोद आला होता. पार्किंगमध्ये तो मला म्हणाला, "काय माणूस होता! त्या फायनलला माझी वायर निघाली तर यानं दोन्ही अंगठे रिमोटवरून काढून घेतले. मी समोरच होतो ना. सगळे पांगल्यावर रोबो चालवतच बाहेर नेला त्यानं." अमोद पुढे म्हणाला, "मी त्याला म्हटलं, टीमला सांग. सांगतो म्हणाला. तुम्हाला माहीत असेलच." आत हॉलमध्ये कुणीतरी लूज कनेक्शनचा किस्सा सांगितला आणि त्या दुःखातही लोक हसले. समोर स्मिता बसली होती. तिच्यासमोर हा विषय काढायची ती वेळ नव्हती. म्हणून आता इथे लिहिते: माझं सोल्डरिंग पक्कं होतं. हेमंत थांबला होता. त्यानं केलं ते मोठंच होतं, पण त्याची किंमत मी मोजली आणि मला कुणी विचारलं नाही.

गेल्या रविवारी विश्रांतवाडीला त्याच्या घरी गेले होते. स्मिताला सगळं सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. त्याची मुलगी सई मला ओढतच खाली घेऊन गेली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅडमिंटन खेळायला. आम्ही दोघी एका बाजूला, शेजारच्या दोन मुली समोर. सई बापासारखीच खेळते, सगळे फटके समोरच्याच्या अंगावर. शेवटचा पॉइंट राहिला होता. समोरच्या मुलीच्या चपलेचा अंगठा तुटला, ती लंगडत कशीबशी पोचली आणि शटल उंच उडालं. ते सरळ सईच्या डोक्यावर येत होतं. तिनं रॅकेट उचलली, समोर पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, सोडू?"

मी तोंड उघडेपर्यंत शटल तिच्या पायाशी पडलं. त्या रिंगणात हेमंतला विचारायला तरी कुठे वेळ होता, हे मला तेव्हा कळलं. पण नंतर... नंतर इतकी वर्षं होती रे.

"सॉरी मावशी," सई म्हणाली, "विचारण्यात पॉइंट गेला."

"जाऊ दे," मी म्हटलं. "विचारलंस ना."