ठकीची ओळ

धसईच्या आसपास लग्न निघालं की भटजीच्या आधी मैनाबाईला विचारत. मैनाबाई धवलारीण, हळदीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी तिच्या तोंडात. पण धवला, म्हणजे हे लग्नाचं गाणं, एकटीनं होत नाही. एकीनं ओळीत विचारायचं, दुसरीनं ओळीत उत्तर द्यायचं. हळद कोणी दळली? आईनं दळली. नवरीला कोण लावी? आई लावी. विचारायची ती मैनाबाई आणि उत्तर द्यायची ती शेजारची ठकी. एरवी ठकी म्हणजे गरीब गाय, पण गाताना तिचा आवाज असा वर चढे की मैनाबाईला मनातून जरा खुपायचं. ठकी होती तोवर तिनं हे कबूल केलं नाही.

करोना आला त्या पहिल्या साली तो मैनाबाईला झाला. दोन दिवस ताप, थोडा खोकला आणि सुकटीचा वास येईना, एवढीच तक्रार. आठवड्यात ती शेतावर हजर. "एवढ्यासाठी सगला मुलूख बंद केला काय रे?" ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. "मला होऊन गेला. आता मी नाय घाबरत."

पुढच्या चैत्रात किन्हवलीला हळद होती. परवानगी पन्नास माणसांची, आणि पन्नास तर चुलीपाशीच होती. त्या दिवशी मैनाबाईचं अंग कणकणत होतं. मागच्यासारखंच असेल, दोन दिवसांत उतरेल, म्हणून तिनं आल्याचा चहा घेतला आणि निघाली. जीपमध्ये ठकी तिला चिकटून बसली. मांडवात दोघी तोंडाशी तोंड नेऊन घसा बसेस्तोवर गायल्या.

पण हा मागच्यासारखा नव्हता. मैनाबाईला त्यानं अंथरुणाला खिळवलं, तरी ती उठली. ठकीला मात्र बोलता बोलता धाप लागायला लागली. पोरांनी तिला मुरबाडला नेलं, तिथून शहापूरला, तिथून आणखी पुढे. त्या दिवसांत खाटेसाठी सगळीकडे तीच वणवण होती. ठकी परत आली नाही. तिला तिकडेच अग्नी दिला. मैनाबाईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

त्यानंतर मैनाबाई गायली नाही. बोलावणं आलं की म्हणे, "डीजे आणा गो. त्याला खोकला होत नाय." लोक हसत. ती हसत नसे.

हिवाळ्यात, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत, पुन्हा घरोघर खोकला सुरू झाला. चार दिवस कण्हून माणसं उठत होती, पण मैनाबाईनं दार लावून घेतलं. उपकेंद्रातली नर्स श्वेता अंगणातून समजावू लागली, "आजी, ह्याचं रूप वेगळं आहे. मागचा फुफ्फुसात उतरायचा, हा बहुतेक घशातच राहतो. तुमच्या सुयाही झाल्यात. काळजी घ्या, पण एवढं भिऊ नका."

"मागचा पन वेगला होता ना?" मैनाबाई दाराआडून म्हणाली. "तवा कोणी सांगितला?"

श्वेतानं गोळ्यांची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि ती पुढच्या घराकडे गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ठकीच्या लेकीचं, नम्रताचं, लग्न ठरलं आणि ती स्वतः बोलवायला आली. वर्षभर मैनाबाईनं हीच भेट टाळली होती. सांगावं, तर ही पोर पुन्हा तोंड बघणार नाही. न सांगता हिला हळदीचं गाणं म्हणावं, तर ते घशातून कसं निघेल?

"मला ताप होता गो त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या आयला मीच दिला."

नम्रता म्हणाली, "ठाव हाय, मावशी. आय सांगून गेलेली. मी बोललेली, जाऊ नको. ती बोलली, मैनीच्या अंगात ताप हाय, तिला एकटीला नाय जमायचा. मागच्यावानीच असल, काय नाय होत."

ठकीला माहीत होतं. तरी ती चिकटून बसली होती. मैनाबाईला वाटलं, आपल्याला कोणीतरी शिव्या द्याव्यात, तेवढंच बरं. तिला रडू आवरेना. नम्रताच तिचे डोळे पुसत बसली.

"येशील ना?" तिनं विचारलं.

हळदीला मैनाबाई मांडवात बसली. शेजारी तिनं कोणाला बसू दिलं नाही. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. नवरीला हळद कोण लावी, तिनं गाऊन विचारलं आणि ती थांबली. ती विसरली असं वाटून एक बाई उत्तराची ओळ म्हणायला गेली. नम्रतानं हळदीनं माखलेला हात उचलून तिला गप्प केलं.

ओळ संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळा मांडव गप्प बसला. मग मैनाबाईनं पुढचं विचारलं.