व्हय-पन सर

हुलसूरला आमच्या मराठी शाळेतल्या सरांच्या तोंडून 'न्हाई' म्हणून कधी ऐकलं नाही. काहीही विचारा, उत्तर 'व्हय, पन' असंच सुरू व्हायचं. "सर, झाडाखाली बसून लिहू?" "व्हय, पन घंटा व्हायच्या आत पान भरलं पाहिजे." आम्ही त्यांचं नावच व्हय-पन सर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं.

सातवीच्या सुरुवातीला एकदा त्यांनी तो 'पन' गाळला. "मनाला येईल ते लिहून आणा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्या कोऱ्या, आणि उरलेल्यांत गाईला चार पाय. आता छडी बसणार, असं मला वाटलं. सरांनी वह्या परत वाटल्या आणि स्वतःचाच कान धरला. "चूक माझी हाय. मोकळं सोडलं, पन वाट दाखवायची राहिली."

त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात नियम आला तो कायमचा. ज्याच्यावर लिहायचं तो माणूस तुमच्या पसंतीचा. पण त्याला पाच प्रश्न विचारायचे, लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवायचं आणि खाली त्याची सही नाहीतर अंगठा आणायचा.

मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना निवडलं. ते मेंढरं राखायचे. सातवी झाली की मीही मेंढरांमागं जायचं, हे घरात ठरलेलं होतं. त्यांना प्रश्न विचारायचा धीर होईना, म्हणून मी सगळं मनानंच लिहिलं. माझे वडील शूर आहेत, ते लांडग्याशी लढले.

"छान हाय," सर म्हणाले. "व्हय, पन अंगठा कुठं हाय?"

संध्याकाळी चुलीपुढं वाचलं. अप्पा हसायलाच लागले. "खोटं कामून लिहायलीस? लांडगा आला तवा मी झाडावर चढलो. दोन कोकरं गेली. चार दिवस भाकर गोड लागली न्हाई." मग प्रश्नांची वाट न बघता ते बोलत राहिले. आजारी मेंढरू चालीवरून कसं ओळखायचं, लहानपणी शाळेच्या भिंतीला बाहेरून टेकून पाढे कसे ऐकले. मी खोडत खोडत लिहीत गेले. अंगठा उमटवून झाल्यावर म्हणाले, "आनखी एकदा वाच."

सरांनी त्या पानावर शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं भरपूर दाखवल्या. अंगठ्याच्या आसपास मात्र शाईचा ठिपकाही पडू दिला नाही.

वर्ष संपताना सरांची कलबुर्गीकडं बदली झाली. आम्ही सगळी पोरं स्टँडवर गेलो. अप्पाही मेंढरं शेजाऱ्याकडं सोपवून आले आणि पटका सारखा करत एका बाजूला उभे राहिले. बस लागली तेव्हा कुठं ते पुढं झाले.

"सर, पोरीला हायस्कुलात घालावं म्हनलं. फारम कसं भरायचं?"

कंडक्टर हाका मारत होता. सरांनी उचललेली पेटी खाली ठेवली, तिच्यावरच बसले आणि खिशातलं पेन माझ्या हातात दिलं. कोणते कागद लागतात, कुणाला भेटायचं, ते एकेक अप्पांना समजावून सांगत त्यांनी मला लिहायला लावलं.

बस निघून गेली. सरांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.