गणपतीची भिंत

घोडपदेवच्या आमच्या चाळीत गणपतीच्या आधी घरोघरी रंगाचा डबा येतो, पण एका भिंतीपुरताच. जिच्यासमोर मखर बसतं, ती भिंत रंगवायची. बाकीच्या तीन तशाच राहतात, कारण चाळ पाडून टॉवर होणार आहे ना! पाडायच्या घरावर कोण खर्च करणार? शाळेत होतो तेव्हापासून हे ऐकतोय. कान किटले, केसही पिकले.

आईने नव्या घरासाठी घेतलेले पडदे पिशवीतच विटले. भिंतीला ओल आली की ती कॅलेंडर सरकवून झाकायची. बाबा गेले, तर त्यांच्या फोटोसाठी मला खिळासुद्धा ठोकू देईना. "नव्या घरात लावू," म्हणाली. फोटो तेव्हापासून कपाटावर टेकून उभा होता.

यंदा माझं डोकंच फिरलं. मोठा डबा आणला, ओलीचे पोपडे खरवडले, पुट्टी भरली आणि चारही भिंती रंगवून टाकल्या. बाबांचा फोटो लावला, पडदे टांगले आणि दमून खाली बसलो.

आई बराच वेळ भिंतींकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आता आपण इथेच राहणार, ना रे?"