कडक कोण, बोला!

जव्हारच्या एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात एक कारकून रोज संध्याकाळी येत. नोकरी तहसील कचेरीत, गाव साखरशेत. समोर जामसरच्या शाळेतले गुरुजी बसले, की अतिरेक्यांच्या बाबतीत कोणाचा पक्ष जास्त कडक यावरून दोघांची जुंपायची. बशीत ओतलेला चहा दोघं विसरून जात. कारकुनांनी एकेक मुद्दा मांडायचा, टेबलावर थाप मारायची आणि म्हणायचं, "बोला!" गल्ल्यावर बसून मला तर त्या थापेचा वैताग यायचा.

मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा गुरुजींचा मुलगा तिकडेच कामाला होता. बाजूच्या एसटीडी बूथवर नंबर दाबताना गुरुजींचे आकडे सारखे चुकत होते. कारकुनांनी रिसीव्हर आपल्याकडे घेतला आणि लाइन लागेपर्यंत नंबर दाबत राहिले. पक्षाचं नावसुद्धा काढलं नाही. शेवटी पोराचा आवाज आला, तसा त्यांनी रिसीव्हर गुरुजींच्या कानाला लावला आणि हळूच म्हणाले, "बोला."

दुसऱ्या दिवशी हॉटेलात गुरुजी आपणहून म्हणाले, "तुमचाच पक्ष कडक. मानलं."

कारकुनांचा चेहराच पडला.

"असं नाय चालायचं, गुरुजी. मग मी भांडू कोणाशी? बोला!"