दोघांच्या मापाची होडी

बंदरावर त्याला 'बघू' म्हणायचे. खरं नाव होतंच, पण ते पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तरी तोंडात यायचं. काहीही विचारा, हा म्हणणार, "बघू." चहा घेणार का? बघू. जाळं फाटलंय, आत्ताच शिवायचं का? बघू. त्याची बायको तर चारचौघांत सांगायची, "लग्नाचं विचारलं तेव्हाही हे बघूच म्हणाले होते. मी होकार देऊन टाकला म्हणून, नाहीतर अजून बघतच बसले असते."

बघू आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोठ्या बोटींवर खलाशी होता. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, ओढ म्हटलं की जाळं ओढायचं, सोड म्हटलं की सोडायचं. स्वतःहून काही ठरवायची वेळ त्याच्यावर आली नाही आणि आली नाही याचं त्याला वाईटही वाटलं नाही. ठरवायचं खातं बायकोकडे होतं. ती धक्क्यावरच्या शेडमध्ये फाटकी जाळी शिवायची. डावखुरी होती आणि हात असा चालायचा की मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. होडीची कल्पना तिचीच.

"दुसऱ्याच्या बोटीवर म्हातारं व्हायचं नाही," ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली. "आपली छोटी होडी घ्यायची. तुम्ही आणि मी. किनाऱ्यालगत जायचं, संध्याकाळी घरी."

"बघू," तो म्हणाला.

तिने त्याच आठवड्यात तीन डबे मांडले. एक होडीचा, एक इंजिनाचा, एक जाळ्याचा. सगळा पैसा होडीत घालून मग इंजिनासाठी लोकांच्या तोंडाकडे बघत बसलेले कितीतरी जण तिने धक्क्यावर पाहिले होते. कर्ज नको, हा तिचा पहिला नियम. पोटाला चिमटा काढून डबे भरायला लागले.

पण डबे भरेपर्यंत गप्प बसेल तर ती कसली! बोटीच्या रंगकामातून उरलेला निळा रंग तिने आणला आणि खोलीच्या फरशीवर खऱ्या मापाची होडी आखली. खोली केवढी आणि होडी केवढी! पुढचं टोक कपाटाखाली गेलं आणि मागची बाजू दारातून बाहेर, सामाईक गॅलरीत. शेजारी येता-जाता होडी ओलांडायचे आणि विचारायचे, "काय, आज काय लागलं जाळ्याला?" ती आतून ओरडायची, "तुम्हीच लागलात!"

संध्याकाळी दोघं त्या रेघांच्या आत बसायची. बसायची आडवी फळी म्हणून तिने एक रेघ मारली होती. त्या रेघेवर ती डावीकडे, तो उजवीकडे. म्हणजे जाळं ओढताना तिचा डावा हात बाहेरच्या बाजूला, याचा उजवा बाहेरच्या बाजूला, कोपराला कोपर लागायला नको. तरी लागायचंच. मग ती म्हणायची, "सरका जरा तिकडे." तो सरकायचा. रोज तीच जागा, रोज तेच सरकणं. त्यांची मुलगी कपाळाला हात लावायची, "अरे, जेवायला ताट ठेवायचं तरी कुठे या घरात?"

मग बायकोला पोटाचं दुखणं लागलं. इस्पितळाने इंजिनाचा डबा रिकामा केला, जाळ्याचा अर्धा खाल्ला. होडीच्या डब्याला मात्र तिने हात लावू दिला नाही. "त्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे," असं तिने खाटेवरून बजावलं. त्या आवाजात अजून दम होता. पुढच्या महिन्यात ती गेली.

बघू रडला नाही. लोक म्हणाले, मनात ठेवतोय. मनात काही असतं तर त्याने ठेवलं असतं की! मनात काही नव्हतंच, हीच पंचाईत होती. बर्फाच्या पेटीत हात फार वेळ राहिला की बोटं आपली की दुसऱ्याची ते कळत नाही. त्याचं तसं झालं होतं, फक्त हाताऐवजी अख्खा माणूस. तो उठायचा, आंघोळ करायचा, ताटातलं संपवायचा. काय खाल्लं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. मोठ्या बोटीने काही दिवस वाट पाहिली आणि दुसरा खलाशी घेतला. ते कळल्यावरही तो म्हणाला, "बरं." बघूसुद्धा नाही म्हणाला. मुलगी घाबरली ती त्या 'बरं'ला.

मुलगी बर्फाच्या कारखान्यात पाळीवर कामाला होती. तिने मामाला बोलावून घेतलं. मामा म्हणजे बघूचा मेव्हणा, इंजिन दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि त्याच्या तोंडाचा पट्टा त्याच्या इंजिनांपेक्षा जास्त चालायचा. दोघांनी ठरवलं, आईच्या डब्यातून होडी घ्यायची. जुनं इंजिन मामा जुळवून देणार, जाळं आईने जुन्या तुकड्यांतून शिवून ठेवलेलं घरात होतंच. होडी आली तर हा माणूस पुन्हा पाण्यावर जाईल. नाही आली तर खोलीत बसून संपेल, आणि ते मुलीच्या डोळ्यांदेखत होईल.

"चालेल ना, बाबा?"

"बरं," बघू म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी तिघं होड्या बघत फिरू लागले. आता एक सांगायला हवं, होडी पारखण्यात बघू काही कच्चा नव्हता. तो बोटांच्या पेरांनी बाजू ठोकत जायचा आणि आवाज बदलला की थांबायचा. इंजिन बसतं तिथलं लाकूड नखाने टोकरून बघायचा. तळाशी वाकून वास घ्यायचा. पहिली होडी रंगवून नवरीसारखी उभी केली होती. याने एका जागी अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. विकणारा तोंड लपवत निघून गेला. मामा खूश झाला, "भावोजी, तुमच्या अंगठ्याला पगार द्यायला पाहिजे!"

पण मग चांगल्या होड्याही आल्या. छोट्या, भक्कम, डब्यातल्या पैशांत बसतील अशा. प्रत्येक होडीत बघू सगळं तपासायचा, शेवटी बसायच्या फळीवर वीत टाकून मोजायचा आणि म्हणायचा, "अरुंद आहे."

"अहो, अरुंदच स्वस्त असते," मामा समजवायचा. "रुंद घ्यायची तर डबा पुरायचा नाही. पुरला तर ती आतून कुजलेली निघेल. घोडं अडतंय कुठे, ते तरी सांगा."

"अरुंद आहे."

एका होडीपाशी असं झालं, दुसरीपाशी झालं, आणखी एकीपाशी झालं. मामाच्या कपाळावर आठ्या चढल्या. घरी आल्यावर मुलीने चहा केला आणि कप घेऊन वळली, तर बाप फरशीवर निळ्या रेघेवर बसलेला. उजवीकडे. डावीकडची जागा सोडून.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "होडी किती जणांसाठी बघताय?"

बघूने चहा घेतला. तो गरम होता की गार, ते त्याला कळलं नाही.

पुढच्या सुट्टीला मामा धापा टाकत आला. खाडीच्या आतल्या अंगाला एक म्हातारा होडी विकत होता. गुडघे गेले म्हणून, होडी नव्हे. एकट्या माणसाची होडी, आयुष्यभर एकट्यानेच वापरलेली. आणि दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. मुलीने घाईघाईत जेवणाचा डबा भरून बरोबर घेतला.

होडी धक्क्याच्या पायऱ्यांशी बांधली होती. रंग उडालेला, पण लपवलेलं काही नव्हतं. बघूने ठोकलं, टोकरलं, वास घेतला. सगळीकडे एकच आवाज, एकच वास. मग फळीवर वीत टाकली.

तो काही म्हणायच्या आत म्हातारा म्हणाला, "पाहुणे, मोजून होडी कळत नाही. आधी वल्ह्याने एक चक्कर मारून या. इंजिनाचं मग बघू."

तांडेलाने सांगावं आणि याने करावं, अशी सवय. बघू उतरला, फळीवर बसला, दोरी सोडली.

आणि बसला तो उजवीकडेच.

होडी त्याच अंगावर कलली. त्याने वल्ही मारली. उजवं वल्हं पाण्यात खोल गेलं, डावं हवेत फिरलं. होडी जागच्या जागी वळली. पुन्हा तेच. धक्क्यावर जाळी पसरणारी माणसं हसायला लागली. अख्खं आयुष्य समुद्रावर काढलेला खलाशी, आणि नवशिक्यासारखा भोवऱ्यात! मामाने तोंड फिरवलं.

"मधे बसा हो!" म्हातारा ओरडला. "एकट्याची होडी आहे ती, मधे बसल्याशिवाय नाही चालायची!"

बघूला ऐकू आलं. पण तो जागचा सरकला नाही. कललेल्या बाजूने पाणी काठाला लागलं आणि थोडं आत आलं. होडी वळत वळत पुन्हा पायऱ्यांपाशी आली, तेव्हा त्याने वर पाहिलं. मुलगी शेवटच्या पायरीवर होती. तिने चपला काढल्या होत्या. एक पाय होडीच्या दिशेने उचललेला, डाव्या बाजूला उडी मारायला. एका क्षणात ती येऊन बसली असती आणि होडी सरळ झाली असती.

तिने पाय मागे घेतला. चेहरा रडवेला झाला होता, पण पाय मागे घेतला.

बघूने फळीवरच्या डाव्या जागेवर हात ठेवला. लाकूड उन्हाने तापलं होतं. तापलेलं आहे, हे त्याला कळलं. कित्येक आठवड्यांत त्याला कळलेली ही पहिली गोष्ट. आणि ते कळल्याबरोबर बाकीचं सगळं एकदम अंगावर आलं. ती इथे बसणार नव्हती. या होडीत नाही आणि कुठल्याच रुंद होडीत नाही.

"अगं," तो म्हणाला, घरात म्हणायचा तसं, हलक्या आवाजात. "सरकतो जरा."

आणि तो डावीकडे सरकला, फळीच्या मधोमध.

होडी सरळ झाली. दोन्ही वल्ही पाण्याला लागली. तो वल्हवत पार पलीकडच्या काठापर्यंत गेला, आणि हुंदक्यांनी त्याची पाठ हलत होती ते धक्क्यावरून दिसत होतं. हसणाऱ्यांनी माना खाली घालून जाळी पसरायला घेतली. म्हाताऱ्याने मुलीला पायरीवर बसायला जागा करून दिली.

परत यायला त्याला बराच वेळ लागला. डोळे सुजलेले, सदरा ओला. मामाने दोरी झेलली. आज त्याने एवढंच विचारलं, "काय करायचं, भावोजी?"

बघू होडीतून उतरला नाही. फळीवर मधोमध बसूनच म्हाताऱ्याला म्हणाला, "त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगा." मग मुलीकडे वळला. "भूक लागलीय गं मला. काही आहे का तुझ्या डब्यात?"