भोंगेकाका आणि माथ्यावरचा विमानतळ

विमान यायच्या आधी भोंगा वाजवायचा आणि धावपट्टीवरची गुरं हाकलायची, हे भोंगेकाकांचं काम. गुरांना भोंग्याची सवय झालेली, त्यामुळे खरं काम काठीचंच.

घाटात दरड कोसळली की गावाचा संपर्क तुटायचा. म्हणून माथ्यावरचं पठार सपाट केलं, पत्र्याची एक खोली उभी राहिली आणि टपाल, औषधं, माणसं घेऊन छोटी विमानं येऊ लागली. अशाच दरडीच्या दिवसांत काकू अडल्या. मूल आडवं होतं. वैमानिकाने त्यांना खालच्या शहरात नेलं. काकांना जागा नव्हती. ते धावपट्टीच्या कडेलाच उभे राहिले. मुलगी सुखरूप जन्मली. पण तेव्हापासून घरात वाद निघाला की काकू म्हणायच्या, "तुम्ही गप्प बसा. विमानात कोण बसलंय?"

पुढे डोंगर पोखरून बोगदा झाला. बस स्वस्तात खाली जाऊ लागली, विमानं रोडावली. एके सकाळी साहेबांनी सांगितलं, आजचं शेवटचं. यंत्रं, खुर्च्या, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, सगळं विमानात चढलं.

"काका, एक जागा आहे. येता?" वैमानिकाने विचारलं.

"आणि भोंगा?"

"अहो, आता कुणासाठी वाजवताय?" शेवटचं विमान बघायला आलेल्या काकूंनी त्यांना मागून ढकललं. "जा, नाहीतर जन्मभर माझं ऐकून घ्याल."

काका गेले. विमानाने पहिलं वळण घेताच काकांना उलटी झाली, आणि सगळा प्रवास कागदी पिशवीत तोंड घालून झाला. संध्याकाळच्या बसने परतले.

"काय काय दिसलं?"

"पिशवी."

काकू हसून हसून बेजार झाल्या.

नोकरी गेल्यावरही काका काही दिवस सवयीने पठारावर जाऊन बसत. मग त्यांनी दोन गाई घेतल्या आणि धावपट्टीच्या भेगांत उगवलेल्या गवतावर चरायला सोडल्या. शेजाऱ्यांना आयताच विषय मिळाला. "काका, आता तुम्हाला कोण हाकलणार?" काकाही हसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकू सांगतात.

आता तिथे कुणी धान्य वाळवतं, कुणी गाडी शिकतं. काकूंनी साठीत तिथेच स्कूटर शिकून घेतली. दोनदा पडल्या, गुडघे फोडून घेतले, पण हट्ट सोडला नाही. बाजाराच्या दिवशी स्कूटर त्या चालवतात. काका पिशव्या सांभाळत मागे बसतात आणि उतारावर "हळू, हळू" म्हणत राहतात.