चोरीचे दहा युनिट

वहिनीसाहेबांनी माझी इन्शुलिनची बाटली फ्रीजमधून काढली. चिमटीत. मेलेली पाल उचलावी तशी.

"ही कुणाची?"

"माझी. मला लहानपणापासनं शुगर हाय. रोज सुया घ्याव्या लागत्यात."

"आमच्या देवाच्या दुधाशेजारी तुझं औषध? मेंढरांमागची जात तुमची. घरात घेतलं हेच चुकलं."

बाटली खिडकीतून गेली. मागच्या फरशीवर फुटली. आवाज एवढासा आला.

त्याच फ्रीजच्या दारात त्यांच्या सासूची, आईसाहेबांची बाटली होती. तेच औषध. तेच झाकण. म्हातारपणी शुगर झालेल्या आईसाहेबांना सकाळ-संध्याकाळ सुई टोचायला तर मला ठेवलं होतं. मिरजेपासून अर्ध्या तासावर, कृष्णाकाठी, चहूबाजूंनी ऊस असलेल्या त्या बंगल्यात. माझा हात त्यांच्या सासूच्या पोटाला लागलेला चालत होता.

मी आटपाडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. तेराव्या वर्षी मेंढरांच्या वाड्याजवळ बेशुद्ध पडले तेव्हा डॉक्टर माझ्या वडलांना, आबांना म्हणाले होते, "हिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही. आयुष्यभर बाहेरून द्यायचं." आमच्या वस्तीवर फ्रीज नव्हता. आबा बाटली मडक्यात ठेवायचे, मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचे. सात वर्षं एकही बाटली खराब झाली नाही.

मी नवी बाटली आणायला सुट्टी मागितली.

"परवा घरात बाळाचं बारसं आहे. ते झाल्यावर जा."

मी मागं भांड्यांकडं वळले. आबांना फोन करता आला असता. भांडता आलं असतं. आईसाहेबांच्या बाटलीतलं घेता आलं असतं. नोकरी जाईल म्हणून नाही केलं. त्यात अंगात ताप. त्यांनी बाटली फोडली ते खरं, पण पुढचे दोन दिवस तोंड मीच शिवून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी तहान. तांब्यावर तांब्या. दर घटकेला मोरीत. दुसऱ्या दिवशी पोटात पीळ. बारशाच्या दुपारी पुढच्या खोलीत बाया पाळणा म्हणत होत्या आणि मी मागं भांड्यांच्या ढिगाशेजारी ओकत होते. श्वास धावल्यासारखा चाललेला. तोंडाला सडक्या फळाचा वास.

वहिनीसाहेब पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "वास बघा हिच्या तोंडाचा. पिऊन आलीय."

बाया हसल्या.

मला माहीत होतं ते काय आहे. इन्शुलिन नसलं की रक्तातली साखर अंगाला वापरता येत नाही. मग अंग स्वतःची चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं. माणूस दमल्यासारखं दिसतं, प्यायल्यासारखं दिसतं, आणि मरतं.

भिंत धरत फ्रीजपाशी गेले. आईसाहेबांची बाटली काढली. माझी कोरी सिरिंज. दहा युनिट ओढले.

मागून केसांना हिसडा बसला.

"चोरटी!" आईसाहेबांचा थोरला मुलगा. माझं डोकं त्यानं फ्रीजच्या दारावर आपटलं. एकदा. परत एकदा. कानातून गरम काहीतरी वाहायला लागलं. आईसाहेब समोर, पुढच्या खोलीच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं. मग पदर सारखा केला आणि नजर पाळण्याकडं वळवली.

त्यानं माझं मनगट पिरगाळलं. सिरिंज सुटायला आली.

मी त्याच्या हाताला चावले. दात रुतेपर्यंत. रक्ताची चव जिभेवर येईपर्यंत. तो गुरासारखा ओरडला, हात सुटला, आणि मी कापडावरूनच सुई पोटात खुपसून दट्ट्या दाबला.

मग लाथा बसल्या. बरगडीत. पाठीत. पण ते दहा युनिट आत गेले होते. ते त्याला बाहेर काढता येणार नव्हते.

बंगल्याचे ड्रायव्हर बबनकाका आरडाओरडा ऐकून आत आले. कुणाला विचारलं नाही. मला खांद्यावर टाकलं, गाडीत घातलं आणि थेट मिरज.

तीन दिवस अतिदक्षता विभागात. सलाईन, इन्शुलिन, तासातासाला रक्त. डॉक्टरबाई रागावल्या. "ताप असो, उलट्या असोत, जेवण जात नसो, इन्शुलिन बंद करायचं नाही. साखर वाढली, उलट्या थांबेनात, की लघवीतले कीटोन तपासायचे आणि दवाखाना गाठायचा. श्वास असा धावायला लागेपर्यंत थांबायचं नाही. तू घेतलेल्या दहा युनिटांवर भागणारं नव्हतं हे. आणखी उशीर झाला असता तर गेली असतीस. माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं."

"मग?"

त्या एका शब्दानं मला जेवढं फोडून काढलं तेवढं लाथांनी नव्हतं.

चौथ्या दिवशी वहिनीसाहेब आल्या. हातात सफरचंदं. "आईंना तुझ्याच हाताची सुई लागते. चोरीचं आम्ही सोडून देतो. ये परत."

"न्हाई."

त्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मी परत म्हणाले. सगळा वॉर्ड वळून बघेल एवढ्या मोठ्यानं.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी आबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार लिहिता लिहिता थांबला. "औषधाची बाटली फुटली, असं घालतो."

"फुटली न्हाई. फोडली. आन् मला जाऊ दिलं न्हाई. इन्शुलिन काढून घेतलं की माझ्यासारखं माणूस दोन दिसांत मराया टेकतं. तसंच लिवा."

"मोठी माणसं हायती, पोरी. तूबी त्यांना चावलीस."

आबा माझ्याकडं बघत होते. मी खुर्ची पुढं ओढली.

"व्हय, चावले. तेबी लिवा. परत कुणी माझ्या सुईला हात लावला तर परत चावंन, तेबी लिवा."